आठवणींची वही चौथ्या पानावर का अडते?

माझ्या कपाटात पाच वह्या आहेत. पाचही दोनशे पानी, पाचांवरही ठसठशीत अक्षरात ‘आठवणी’ असं लिहिलेलं, आणि पाचांतही पहिली तीन-चार पानं सोडली तर बाकी सगळं कोरं. पहिल्या वहीत माझा जन्म झाला आहे. दुसऱ्या वहीतही झाला आहे. तिसरीत हात जरा लिहिता झाला होता, त्यामुळे जन्माच्या आधी पणजोबाही येऊन गेले. चौथीत पुन्हा जन्म. पाचवीला मी हुशारी करून आधी प्रस्तावना लिहायला घेतली, आणि ‘हे सगळं मी का लिहिते आहे’ याचं उत्तर शोधण्यातच सगळा उत्साह संपला.

सहावी मात्र चालली. आज तिची एकशे साठच्या वर पानं झाली आहेत. मधे काय बदललं ते इथे लिहिते, कारण हीच तक्रार मी ओळखीतल्या अनेकांकडून ऐकली आहे. लिहायचं असतं, सुरुवातही होते, मग बंद पडतं. काही महिन्यांनी नवी वही, नवं पेन, आणि पुन्हा तेच. ज्यांनी अजून एकदाही कागद पुढे ओढला नाही त्यांच्यापेक्षा, सुरुवात करून करून दमलेल्यांना याचा जास्त उपयोग होईल.

“जन्मापासून शाळेपर्यंत येतं आणि घोडं अडतं”

सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड हाच. शाळेत वाचलेलं प्रत्येक चरित्र ‘यांचा जन्म अमुक साली अमुक गावी झाला’ असं सुरू व्हायचं. त्यामुळे स्वतःबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप त्याच वाटेला लागतो.

आता गंमत बघा. जन्म आपल्याला आठवत नाही. बहुतेक माणसांना वयाच्या साधारण तिसऱ्या वर्षाआधीचं काहीच आठवत नसतं, आणि त्यानंतरची तीन-चार वर्षंही तुकड्यातुकड्यांनीच हाती लागतात. म्हणजे ज्या काळाची आपल्याकडे एकही आठवण नाही, नेमक्या त्याच काळापासून आपण आठवणींची वही सुरू करतो! तिथली सगळी माहिती ऐकीव. ‘मी फार रडायचे म्हणे’, ‘मला म्हणे गोवर निघाला होता’. माझ्या पहिल्या वहीत चार पानांत अकरा ‘म्हणे’ निघाले. मुद्दाम मोजले. ऐकीव माहितीवर चार पानं भरतात, पाचवं भरत नाही. आपल्याला वाटतं, आपल्याला लिहिताच येत नाही. खरं तर लिहायला आपल्याजवळ काही नसतं, आणि ते फक्त त्या काळापुरतं.

उपाय सरळ आहे. जन्म, घराणं, पणजोबा हे सगळं आत्ता बाजूला ठेवा. पुढे हवं असेल तर पुरवणी म्हणून जोडता येईल. जिथे आठवणी दाट आहेत तिथे आधी जा. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातलं काय काय आठवतं याचा आलेख मानसशास्त्रज्ञांनी अनेकदा काढला आहे. त्यात साधारण दहा ते तीस या वयाच्या पट्ट्यात ठळक उंचवटा दिसतो. या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात, हे त्याचं एक कारण सांगतात. कारण काहीही असो, माल तिथे आहे. त्या पट्ट्यातला एक दिवस घ्या. एक वर्ष नको आणि ‘कॉलेजचा काळ’ही नको, एकच दिवस घ्या.

दिवस निवडताना आणखी एक चूक होते. माणसं महत्त्वाचा दिवस निवडतात: लग्न, निकाल, नोकरीचा पहिला दिवस. हे दिवस आपण इतक्यांदा सांगितलेले असतात की त्यांना गुळगुळीत पॉलिश चढलेलं असतं. त्यापेक्षा ज्या दिवसातली एखादी वस्तू अजून हाताला जाणवते तो दिवस घ्या. नोकरीच्या पहिल्या दिवसाबद्दल माझ्याकडे एक परिच्छेदही नव्हता. पहिल्या पगाराचं पाकीट घरी नेताना मी ते ब्लाउजमध्ये ठेवावं की डब्यात, या घोळावर मात्र अडीच पानं झाली.

“पण क्रम?” असं विचारणारे असतातच. क्रमाची काळजी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनाही होती. त्यांनी आत्मचरित्राची सुरुवात कित्येक वर्षांत कित्येकदा केली आणि सोडून दिली. अखेर १९०६ मध्ये त्यांनी लघुलेखक (स्टेनो) समोर बसवून सांगायला सुरुवात केली आणि क्रम मुद्दामच सोडला. त्या घटकेला ज्यात रस वाटेल ते बोलायचं आणि रस आटला की विषय बदलायचा, असा त्यांचा शिरस्ता. त्याचे पुढे तीन जाडजूड खंड झाले.

माझी सहावी वही ही खरं तर वही नाहीच. सुट्या कागदांची फाइल आहे. एका प्रसंगाला एक कागद, फार तर तीन. वरच्या कोपऱ्यात तेव्हाचं अंदाजे वय: ‘१४?’, ‘२२-२३’. वहीत पान मागे-पुढे करता येत नाही, म्हणून आपण पहिल्या पानावर पहिलीच गोष्ट लिहायला जातो. सुटे कागद पत्त्यांसारखे पिसता येतात. इतकी साधी गोष्ट मला पाच वह्या विकत घेतल्यावर सुचली.

“लिहिलेलं परत वाचलं की शाळेतला निबंध वाटतो”

हा दुसरा बिघाड पहिल्यापेक्षा चिवट आहे. यात माणूस लिहितो, पानंही भरतात, पण वाचताना स्वतःलाच कंटाळा येतो. माझ्या तिसऱ्या वहीतला हा उतारा, जसाच्या तसा:

‘माझे वडील अत्यंत शिस्तप्रिय होते. त्यांचा स्वभाव कडक असला तरी अंतःकरण प्रेमळ होते. त्यांनी आम्हा भावंडांवर उत्तम संस्कार केले.’

पुढच्या ओळीत फणस येणारच होता, तेवढ्यात वही बंद पडली हे बरंच झालं. हे तीन वाक्यांतले वडील कुणाचेही आहेत. शोकसभेत कुणाच्याही नावापुढे वाचले तरी खपतील.

भाच्याने ही वही चाळली आणि विचारलं, “मावशी, आजोबा शिस्तप्रिय म्हणजे नक्की काय करायचे गं?”

“काय करायचे म्हणजे? सगळं वेळेवर. ते घड्याळाला चावी द्यायचे ना, तेव्हा…” असं म्हणून मी सांगत सुटले. त्याने फोनचं रेकॉर्डिंग कधी सुरू केलं ते मला कळलंही नाही. नंतर मी ते ऐकून कागदावर उतरवलं:

‘अण्णा दर रविवारी रात्री भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायचे. स्टुलावर चढायचे, काचेचं दार उघडायचे आणि किल्ली फिरवताना त्यांचे ओठ हलायचे, कारण ते वेढे मोजत असायचे. चौदा. मधे कुणी बोललं की हात तिथेच थांबायचा, पण वळून बघायचे नाहीत. आम्ही चौघं गप्प. ताईला एकदा नवव्या वेढ्याला शिंक आली, तर तिने उशी तोंडावर दाबून धरली. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा दोन रविवार तसेच गेले. घड्याळ बंद पडलं. किल्ली कुठे आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.’

यात शिस्त हा शब्द नाही, प्रेमळ नाही, संस्कार तर नाहीतच. तरी हे माझेच वडील आहेत, दुसऱ्या कुणाच्या नावावर चालणार नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे एवढं उतरवल्यावर स्टुलाची आठवण आली, स्टुलावरून ताई पडली होती ते आठवलं, त्यावरून तिच्या हनुवटीवरची खूण. एका कागदातून पुढचे दोन निघाले. ‘अंतःकरण प्रेमळ होते’ यातून पुढे काहीच निघत नाही. तिथे वाक्य संपतं आणि आठवणही.

तेव्हापासून माझा नियम असा: माणसाच्या स्वभावाचं विशेषण आलं की त्याखाली रेघ मारायची आणि भाच्याचा प्रश्न विचारायचा, म्हणजे नक्की काय करायचे? आई सोशिक होती, म्हणजे कोणत्या वेळी काय बोलली नाही? परिस्थिती बेताची होती, म्हणजे कोणती वस्तू दोघांत मिळून एक होती? उत्तर मिळालं की विशेषण खोडायचं. उत्तर मिळालं नाही, तर ते विशेषण आपण इतरांकडून उसनं घेतलेलं आहे असं धरून चालायचं. माझ्या एका आत्याबद्दल मी ‘भांडकुदळ’ लिहिलं होतं. तिचं एकही भांडण मला आठवेना. तो आईचा शब्द होता.

मराठीत लिहिताना याला आणखी एक फाटा फुटतो. आपण बोलतो एक आणि पेन धरलं की लिहितो भलतंच. बोलताना ‘आई गेली’ म्हणतो, कागदावर ‘मातोश्रींचे दुःखद निधन झाले’. बोलताना ‘आमच्याकडे पैसे नव्हते’, कागदावर ‘प्रतिकूल परिस्थितीशी झुंज देत’. अर्ज, सत्कार आणि श्रद्धांजली यांतली ही भाषा. तिच्यात स्वतःची आठवण सांगता येत नाही, कारण ती मुळात स्वतःबद्दल बोलायला बनलेलीच नाही.

म्हणून आधी बोला, मग उतरवा. फोनवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरे. आता मराठीत बोलून टाइप करायचीही सोय आहे. फक्त पूर्णविराम वगैरे बऱ्याचदा नंतर स्वतः घालावे लागतात, आणि नावांचा पार चुथडा होतो, तो दुरुस्त करावा लागतो. मला स्वतःला ऐकून हाताने उतरवणंच बरं वाटतं, उतरवताना गाळलेलं काही आठवतं. पण एक काळजी घ्या: एकट्याने फोनसमोर बसून बोललात तर भाषण होतं. समोर माणूस हवा, आणि तोही ज्याला ती गोष्ट आधी माहीत नाही असा. भाचा, सून, शेजारीण, कुणीही. सगळं माहीत असलेली बहीण समोर बसली की ‘ते नाही का, तसंच’ एवढ्यावर काम भागतं आणि कागदावर काही येत नाही.

‘केले’ लिहायचं की ‘केलं’, ऱ्हस्व की दीर्घ, यावर पहिल्या खर्ड्यात एक मिनिटही घालवू नका. शुद्धलेखन तपासून देणारी माणसं मिळतात, तुमचं घड्याळ आठवून देणारी मिळत नाहीत.

“मला काही आठवतच नाही”

असं म्हणणाऱ्यांना मी एक कोरा कागद देते आणि वयाच्या दहाव्या वर्षी राहत होतात त्या घराचा नकाशा काढायला सांगते. चित्र चांगलं यायची गरज नाही. दार कुठे, पाणी कुठे भरून ठेवलेलं असायचं, दिव्याचं बटण कोणत्या भिंतीवर, कोण कुठे झोपायचं. मग मनाने दारातून आत या. माझा नकाशा मधल्या खोलीपाशी अडला, कारण कोपऱ्यात एक ट्रंक होती आणि तिच्यावर बसायला आम्हाला बंदी होती. का होती? ते आठवायला दोन दिवस लागले, आणि त्यातून जे निघालं ते मी अजून कुणाला वाचायला दिलेलं नाही.

आठवण हुकूम दिला की येत नाही, तिला निमित्त लागतं. ‘बालपणीचं काहीतरी आठव’ हे निमित्त नव्हे. ‘दिव्याच्या बटणाला हात पुरत नव्हता तेव्हा दिवा कोण लावायचं’ हे निमित्त आहे. गुणपत्रिका, बँकेची जुनी पासबुकं, फोटोंच्या पाठीवरचं लिखाण, औषधांची चिठ्ठी यांचाही उपयोग होतो, पण एक इशारा देते: कागदपत्रांची पिशवी उपसायला बसलात की आठवडा जातो आणि लिहिलं गेलेलं नसतं. आधी नकाशा, पिशवी नंतर.

तारखा जुळत नाहीत म्हणून अडून बसू नका. ‘ताईच्या लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात’ ही तारीखच आहे.

मग भावंडांना वाचून दाखवलं की हमखास भांडण होतं. माझ्या ताईचं म्हणणं, शिंक तिला आलीच नव्हती, ती मला आली होती. आता? यावर मला दिलासा एका जुन्या अभ्यासाने दिला. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. पुष्कळांची उत्तरं स्वतःच्याच आधीच्या उत्तरांशी जुळेनात, आणि तरी अनेकांना आपल्या नव्या उत्तराची पक्की खात्री होती. त्यांच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण परत आली नाही. ही अडीच वर्षांची कथा. आमच्या शिंकेला पन्नास वर्षं होऊन गेली.

म्हणून मी शिंक ताईलाच ठेवली आणि खाली एक ओळ जोडली: ‘ताई म्हणते, ती मी होते.’ दोन्ही राहू द्यावं. जे तपासता येतं ते तपासा. वर्षं, नावं, कोण कधी वारलं. जे तपासता येत नाही तिथे ‘मला असं आठवतं’ एवढं म्हणणं प्रामाणिक आहे. न आठवणारा संवाद मात्र अवतरणचिन्हात रचून घालू नका. तो लगेच नाटकी वाटतो.

“घरच्यांना काय वाटेल?”

हा प्रश्न मला बहुतेक वेळा अशा लोकांनी विचारला आहे ज्यांच्याकडे अजून कुणाला काही वाटावं असं एकही पान नाही. लिहिणं वेगळं आणि वाचायला देणं वेगळं. ट्वेन यांनी आपलं आत्मचरित्र संपूर्ण स्वरूपात मृत्यूनंतर शंभर वर्षांनी छापलं जावं असं म्हणून ठेवलं होतं. काही भाग त्यांनी स्वतःच आधी छापले, पण १९१० मध्ये ते गेले आणि संपूर्ण आवृत्तीचा पहिला खंड खरोखर २०१० मध्ये निघाला. आपल्याला शंभर वर्षांची गरज नाही, एक वेगळी फाइल पुरते. माझी निळी फाइल आहे. ट्रंकेचे कागद तिच्यात. छापायची वेळ आलीच तर ज्यांच्याबद्दल लिहिलं ती हयात माणसं आधी वाचतील, नावं बदलता येतील, पानं काढताही येतील. पण आत्ता लिहिताना समोर सगळं गणगोत बसवलंत, तर पेन पुन्हा ‘अंतःकरण प्रेमळ होते’ कडे वळणार, हे नक्की.

निळ्या फाइलीतलं लिहून झाल्यावर मला दोन दिवस काही सुचत नव्हतं, आणि मला वाटलं आता हे थांबवावं. पण १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांचं मन अधिकच उदास झालं. पुढच्या महिन्यांत मात्र ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या खेपा कमी झाल्या. म्हणजे लिहिल्यावर जड वाटणं हा बिघाड नव्हे. पण झोप उडाली, तोच प्रसंग दिवसरात्र डोळ्यांपुढे यायला लागला, तर तो कागद मिटून ठेवा, घड्याळासारखं काहीतरी लिहा, आणि गरज वाटली तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. आठवणींचं लिखाण हे काही रात्रीतून उरकायचं काम नाही.

“पुन्हा बंद पडलं”

पडतंच. गांधीजींनीही सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर आत्मकथा लिहायला घेतली, आणि पहिलं पान उलटतं न उलटतं तोच मुंबईत दंगल उसळली. काम तिथेच थांबलं. मग येरवड्याचा तुरुंगवास, तिथे वाचन-अभ्यासाचा वेगळाच बेत. बाहेर आल्यावर त्यांचे सहकारी स्वामी आनंद यांनी पुन्हा विषय काढला. सलग पुस्तक लिहायला वेळ नव्हता. पण ‘नवजीवन’ या त्यांच्या साप्ताहिकासाठी दर आठवड्याला काहीतरी लिहावं लागायचंच, मग ही प्रकरणंच का नकोत, असा हिशेब झाला आणि १९२५ ते १९२९ या काळात ती आठवड्याआठवड्याने छापून आली. यातलं मला उचलावंसं वाटलं ते एवढंच: पुस्तक लिहायला वेळ कुणालाच नसतो, एका प्रकरणाची आठवड्याला कुणीतरी वाट बघत असलं की ते होतं.

माझं ‘नवजीवन’ म्हणजे भाचा. दर शनिवारी रात्री त्याला एका कागदाचा फोटो पाठवायचा. तो वाचून अभिप्राय देत नाही, तशी अटच आहे. फक्त एक प्रश्न विचारतो. ‘स्टूल कोणत्या रंगाचं होतं?’ एवढाच. पुढचा कागद बहुतेक वेळा त्या प्रश्नातून निघतो. आठवड्याला तीनशे शब्द धरले तर वर्षाला पंधरा हजार होतात. रोज लिहीन असा संकल्प मी पाचही वह्यांच्या वेळी केला होता, त्यामुळे त्याबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही.

आणि कागद पूर्ण करून उठू नका. काय लिहायचं ते माहीत असताना, वाक्य अर्धं सोडून उठा. पुढच्या वेळी बसल्या बसल्या हात चालू होतो. मी परवा ‘ट्रंकेची कडी उघडली आणि’ इथे सोडलं आहे.

जन्म मात्र अखेर आला. एकशे बेचाळिसाव्या कागदावर, न बोलावता, आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल लिहीत होते तेव्हा. दोन वाक्यं आहेत: ‘तू झालीस तेव्हा पहाट होती, असं आई त्या रात्री म्हणाली. आजवर तिने मला दुपार सांगितली होती.’